एका अक्षराचे पाच हजार

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्रीचा वर्ग सुटला होता. मंडळी आपापल्या घरी गेली. एक मावशी मात्र मागे थांबल्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचा एक कागद होता. त्यांनी तो दिव्याखाली पसरला आणि एका जाहिरातीवर बोट ठेवले.

"गुरुजी, हे मी माझं मी वाचलंय. कुणाला इचारलं न्हाई. हितं दोन मोबाईल हायेत. दोन्हींवर नाव एकच, कंपनी एकच, रूप बी एकच. ह्याची किंमत बारा हजार अन् ह्याची सतरा हजार. ह्याच्या नावापुढं एक अक्षर जादा हाय. 'प्रो'. एका अक्षराचे पाच हजार रुपये व्हय?"

आम्हाला फार आनंद झाला. दोन वर्षांपूर्वी या मावशी अंगठा उठवीत होत्या. आज त्या जाहिरात वाचून तिला प्रश्न विचारीत होत्या. वाचायला शिकावे ते याचसाठी.

पण प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. मावशींचा मुलगा तालुक्याला आयटीआयमध्ये शिकतो. त्याला मोबाईल हवा होता. मावशींच्या घरी दोन म्हशी आहेत. डेअरीचा दिवाळीचा फरक आणि थोडी शिल्लक मिळून त्यांच्या गाठीला साडेतेरा हजार रुपये होते. मुलगा म्हणत होता, "घ्यायचा तर प्रोच घ्या." दुकानदार म्हणत होता, "कमी पडतात ते हप्त्यावर द्या." म्हणजे साडेतीन हजारांचे कर्ज दारात उभे होते.

मावशींना आम्ही दोन संध्याकाळी जे समजावून सांगितले, तेच येथे लिहीत आहोत. कारण आज हा प्रश्न घरोघरी आहे.

भाव कशावरून ठरतो?

सुतार खाट करतो. लाकडाचे पैसे, मजुरी आणि वर थोडा नफा, असा तो भाव सांगतो. आम्हीही शाळेत पुष्कळ वर्षे हेच गणित शिकविले. खर्च अधिक नफा म्हणजे विक्रीची किंमत. हे गणित खोटे नाही. पण मोबाईलच्या बाबतीत ते अर्धेच आहे.

मोबाईल करणाऱ्या कंपनीला दोन प्रकारचे खर्च असतात. आपली विहीर डोळ्यांपुढे आणा. विहीर खणायचा खर्च एकदाच येतो, पण तो मोठा असतो. पाणी उपसायचा खर्च रोज येतो, पण तो थोडा असतो. विहिरीतून एक घागर काढा नाही तर हजार घागरी काढा, खणायचा खर्च तेवढाच.

कंपनीचेही तसेच. नवा मोबाईल कसा करायचा हे शोधणारे इंजिनिअर, त्याचे साचे, त्याच्या आत चालणारी कार्यप्रणाली, जाहिराती, हा सारा विहीर खणायचा खर्च. काच, बॅटरी, कॅमेरा, जोडणाऱ्यांची मजुरी, हा घागरीचा खर्च. विहिरीचा खर्च भरून यायचा तर गिऱ्हाइके पुष्कळ हवीत. पण गिऱ्हाइके सारखी नसतात. कोणाच्या खिशात जास्त, कोणाच्या कमी. येथेच कंपनीपुढे कोडे पडते.

आपण हे कोडे पाटीवर सोडवू. खालचे आकडे आम्ही हिशेबासाठी धरले आहेत.

एका गावात दहा जणांना मोबाईल घ्यायचा आहे. तिघांची सतरा हजार देण्याची तयारी आहे. सात जणांची ऐपत बारा हजारांची आहे. साधा मोबाईल करायला नऊ हजार लागतात. भारी मोबाईल करायला दहा हजार लागतात.

कंपनीने फक्त भारी मोबाईल काढला आणि सतरा हजारांना विकला, तर तिघेच घेतील. प्रत्येकी सात हजार याप्रमाणे कंपनीला २१,००० रुपये सुटतील. सात जण रिकाम्या हाताने परत जातील.

फक्त साधा मोबाईल काढला आणि बारा हजारांना विकला, तर दहाही जण घेतील. प्रत्येकी तीन हजार याप्रमाणे ३०,००० रुपये सुटतील. पण तिघेजण सतरा हजार द्यायला तयार असताना त्यांच्याकडून बाराच हजार आले.

आता दोन्ही काढले. सात जणांनी साधा घेतला. त्यांचे २१,००० सुटले. तिघांनी भारी घेतला. त्यांचेही २१,००० सुटले. बेरीज झाली ४२,०००.

एक गोष्ट ध्यानात आली का? भारी मोबाईल करायला फक्त हजार रुपये जास्त लागले. पण किंमत पाच हजारांनी वाढविली. मावशी म्हणाल्या, "म्हंजी पाच हजारांतला एक हजार वस्तूचा, अन् चार हजार माणसाच्या खिशाचे!" आमचा सारा धडा मावशींनी एका वाक्यात सांगितला.

खिसा बाहेरून दिसत नाही

पण कोणाच्या खिशात किती आहे, हे कंपनीला कसे कळणार? ते काही कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून कंपनी विचारीतच नाही. ती दोन वस्तू समोर ठेवते आणि गिऱ्हाइकालाच निवडू देते.

आपली एसटी पाहा. त्याच रस्त्याने लाल गाडी जाते आणि निमआराम गाडीही जाते. कंडक्टर कोणाला उत्पन्न विचारीत नाही. ज्याला मऊ बैठक हवी आणि परवडते तो निमआरामात बसतो. माणूस आपली निवड आपणच करतो.

मात्र यात कंपनीला एक भीती असते. साधी वस्तू फारच चांगली झाली, तर पैसेवालाही साधीच घेईल. मग भारी वस्तू कोण घेणार? म्हणून साध्या वस्तूत काहीतरी उणे ठेवावे लागते. कधी ते उणे खर्चामुळे असते. कधी ते मुद्दाम ठेवलेले असते.

ही युक्ती मोबाईलच्या फार पूर्वीची आहे. फ्रान्स देशात झ्यूल ड्युप्युई नावाचे एक इंजिनिअर होते. १८४९ साली त्यांनी रेल्वेच्या भाड्याविषयी लिहिले. त्या काळी काही रेल्वे कंपन्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. लोकांना वाटे, कंपनी छपराचे पैसे वाचविते. ड्युप्युई म्हणाले, तसे नाही. छपराचा खर्च कंपनीला जड नव्हता. पण तिसऱ्या वर्गात ऊन-पाऊस लागला नाही, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा माणूसही तिसऱ्यातच बसेल. त्याने तसे करू नये म्हणून गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर काढले. गरिबाला त्रास देणे हा हेतू नव्हता, पैसेवाल्याला धाक घालणे हा हेतू होता. सोसावे मात्र गरिबालाच लागले.

आपल्याकडेही रेल्वेला तिसरा वर्ग होता. तो १९७४ साली बंद झाला. लहानपणी त्या लाकडी बाकांवर आम्हीही बसलो आहोत. त्या वेळी आम्हाला वाटे, रेल्वेकडे गादीला पैसे नसतील. ड्युप्युईंचे म्हणणे कळल्यावर मनात आले, की कारण तेवढेच नसेलही.

हातपाय बांधलेली यंत्रे

आता यंत्रांकडे येऊ. अमेरिकेत आयबीएम नावाची मोठी कंपनी आहे. ती संगणक आणि कागदावर छापणारी यंत्रे करीत असे. तिचे एक छपाईयंत्र मिनिटाला १० पाने छापी. १९९० साली तिने त्याच यंत्राचा एक स्वस्त प्रकार काढला. तो मिनिटाला ५ पाने छापी. दोन्ही यंत्रे जवळजवळ सारखीच होती. मग स्वस्त यंत्र मंद कसे? त्याला मध्ये मध्ये उगाच थांबायला लावले होते. जोरात पळणाऱ्या बैलाच्या पायात लोढणे बांधावे, तसा हा प्रकार. यंत्र मंद करण्यासाठी खटपट केली आणि मग ते स्वस्तात विकले.

दुसरे उदाहरण मोटारीचे आहे. अमेरिकेतील टेस्ला कंपनी विजेवर चालणाऱ्या मोटारी करते. २०१६ साली तिने एका मोटारीचा स्वस्त प्रकार काढला. आतली बॅटरी ७५ मापाची होती, पण कुलूप लावून ६० मापापुरतीच वापरू दिली होती. हे कुलूप लोखंडी नव्हे, मोटारीतील संगणकाला दिलेल्या हुकमाचे. नंतर जादा पैसे भरले, की कुलूप उघडे.

२०१७ च्या सप्टेंबरात तिकडे फ्लोरिडा प्रांतावर इर्मा नावाचे मोठे चक्रीवादळ आले. लोक घरेदारे सोडून मोटारींतून निघाले. त्या वेळी कंपनीने अशा मोटारींची कुलपे काही दिवसांपुरती दुरूनच उघडली. मोटारी एकदम जास्त लांब जाऊ लागल्या. कोणी नवी बॅटरी बसविली नव्हती. जी ताकद लोकांना मिळाली, ती त्यांच्याच मोटारीत पहिल्यापासून होती.

ही लबाडी म्हणायची का?

मावशी रागावल्या. "ही तर लुबाडणूक झाली!" आम्ही त्यांना जरा थांबविले. न्याय करायचा तर दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत.

एक बाजू अशी. आपल्या पाटीवरचे सात जण आठवा. एकच भारी मोबाईल निघाला असता तर त्यांना तो मिळाला नसता. दोन प्रकार निघाले म्हणून साधा मोबाईल त्यांच्या हाती आला. पैसेवाल्याने जास्त दिले, तेव्हा विहिरीचा खर्च त्याने जास्त उचलला. हे काही वाईट नाही.

शिवाय प्रत्येक भारी वस्तू म्हणजे नुसते कुलूप नव्हे. पुष्कळ वेळा तिच्यात खरोखर चांगले भाग असतात. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याला चांगला कॅमेरा हवाच. त्याने प्रो घेतला तर तो उधळेपणा नव्हे.

दुसरी बाजू अशी. ज्याची ऐपत बारा हजारांची आहे, त्यालाही सतराकडे ओढण्याची सोय बाजारात केलेली असते. पैसेवाल्यासाठी बांधलेल्या शिडीवर गरीब चढू लागला, की तेथे खरे नुकसान सुरू होते. ती शिडी कशी असते ते आता पाहू.

शिडीच्या पायऱ्या

२०१९ च्या फेब्रुवारीत शाओमी या चिनी कंपनीने भारतात दोन मोबाईल आणले. एकाचे नाव रेडमी नोट ७. दुसऱ्याचे रेडमी नोट ७ प्रो. त्यांच्या किमती अशा होत्या.

नोट ७, लहान साठवण: ९,९९९ रुपये.
नोट ७, मोठी साठवण: ११,९९९ रुपये.
नोट ७ प्रो, लहान साठवण: १३,९९९ रुपये.
नोट ७ प्रो, मोठी साठवण: १६,९९९ रुपये.

हे आकडे जुने झाले, पण शिडीची रीत तीच आहे. पायऱ्या मोजा. पहिलीवरून दुसरीवर जायला दोन हजार. दुसरीवरून तिसरीवर दोन हजार. तिसरीवरून चौथीवर तीन हजार. "दोन हजारांनी काय होतंय!" असे म्हणत माणूस एकेक पायरी चढतो. वर गेल्यावर मागे वळून पाहतो, तो सात हजार गेलेले असतात. एकदम सात हजार जास्त मागितले असते, तर तो दुकानातून उठून गेला असता.

किंमत ९,९९९ का, तेही पाहा. खरे म्हणजे ते दहा हजारच. पण डोळा पहिला आकडा वाचतो आणि मन म्हणते, "नऊ हजारांत आला." बाटाच्या जोड्यांच्या किमतीत नऊचे आकडे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. अशी किंमत दिसली, की एक रुपया मिळवून वाचावी.

आता या दोन मोबाईलांत फरक काय होता? पडदा दोन्हींचा ६.३ इंचांचा. बॅटरी दोन्हींची सारख्याच मापाची. फरक मुख्यतः दोन ठिकाणी होता. प्रोसेसर आणि कॅमेरा.

प्रोसेसर म्हणजे मोबाईलचा मेंदू. प्रोचा मेंदू जास्त चपळ होता. बोलणे, निरोप पाठविणे, पैसे भरणे, धडे पाहणे याला साधा मेंदू पुरे होता. मोठमोठे खेळ खेळणाऱ्याला फरक जाणवे.

साध्याचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आणि प्रोचा ४८ चा. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. असे ठिपके मिळून फोटो होतो. ४८ हा आकडा १२ च्या चौपट. म्हणून पुष्कळांना वाटले, फोटो चौपट चांगला येणार. पण तो कॅमेरा नेहमीचा फोटो काढताना चार ठिपक्यांचा एक ठिपका करी. म्हणजे फोटो १२ मेगापिक्सेलचाच होई. अंधुक उजेडात त्याचा फायदा होता, हे खरे. पण चौपट नव्हे. आकडा मोठा म्हणून गुण तेवढाच मोठा, असे समजू नये.

खळे आणि कणगी

दुकानात आणखी दोन शब्द कानी पडतात. रॅम आणि साठवण. दोन्ही जीबी या मापाने मोजतात. म्हणून घोटाळा होतो.

रॅम म्हणजे खळे. काम चालू असताना माल पसरायची जागा. खळे लहान असले, की दोन कामे एकदम होत नाहीत, मोबाईल अडखळतो. साठवण म्हणजे कणगी. फोटो, गाणी, धडे, कागदपत्रे तेथे राहतात. कणगी भरली, की नवे काही ठेवता येत नाही.

कणगीच्या मापावर कंपन्या मोठी किंमत लावतात. २०२४ च्या सप्टेंबरात ॲपल कंपनीचा आयफोन १६ भारतात आला. तो फार महाग मोबाईल. १२८ जीबीचा ७९,९०० रुपयांना होता. २५६ जीबीचा ८९,९०० ला. म्हणजे १२८ जीबीची कणगी वाढवायला दहा हजार रुपये. त्याच सुमारास १२८ जीबीचे सुटे कार्ड बाजारात हजार-दीड हजार रुपयांत मिळत होते. मोबाईलच्या आतली साठवण कार्डापेक्षा वेगाने चालते, ही गोष्ट खरी. तरी फरक केवढा! आणि या मोबाईलमध्ये सुटे कार्ड घालायला जागाच नसते.

म्हणून मोबाईल घेताना विचारावे, "यात कार्ड घालता येते का?" येत असेल तर लहान साठवणीचा घेऊन पुढे गरजेप्रमाणे कार्ड घालता येते. फोटो, गाणी आणि धडे कार्डावर ठेवता येतात. पण खळे मागाहून वाढविता येत नाही. म्हणून दोहोंपैकी एकावरच खर्च करायचा, तर तो रॅमवर करावा.

पहिल्या पेटीचा आंबा

वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी येते, तेव्हा तिचा भाव ऐकून आपण तोंडात बोट घालतो. तोच आंबा वैशाखात किती खाली येतो! आंबा बदलला नाही. घाई असलेली गिऱ्हाइके आधी घेऊन गेली, आता बेताच्या खिशाची उरली, आणि मालही वाढला.

मोबाईलचेही असेच आहे. नवेपणा हाही एक भारी माल आहे आणि त्याची वेगळी किंमत लागते. ॲपलचा पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी विक्रीस आला. ८ जीबीच्या आयफोनची किंमत ५९९ डॉलर होती. लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. ५ सप्टेंबरला, म्हणजे अडुसष्ट दिवसांत, कंपनीने तीच किंमत ३९९ डॉलर केली. दोनशे डॉलर एकदम उतरले. आधी घेणारे फार चिडले. तेव्हा कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहिले आणि त्या गिऱ्हाइकांना कंपनीच्या दुकानात शंभर डॉलरची सूट दिली.

यातून आपण एवढे घ्यावे. नवा मोबाईल निघाल्याबरोबर धावू नये. नवा आला, की पुष्कळदा आधीच्याची किंमत उतरते. मात्र फार जुना घेऊ नये. त्याला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार आहेत, ते आधी विचारावे.

आमची फजिती

इतके शहाणपण सांगतो, तर आम्ही कधी फसलो नाही काय? फसलो. लोकांना शिकविणाऱ्याने आपली चूक लपवू नये.

चार वर्षांपूर्वी आम्ही मोबाईल घ्यायला एका गावी गेलो. दूर राहणाऱ्या नातीचे तोंड दिसावे, एवढीच इच्छा. खिशात दहा हजार होते. दुकानदाराने तीन मोबाईल मांडले. एक दहा हजारांचा, एक सोळाचा, एक पंचविसाचा. पंचविसाचा पाहून सोळाचा स्वस्त वाटू लागला. दहाचा हलका वाटू लागला. तिघांत मधला घेण्याकडे माणसाचा कल असतो. दुकानदाराला हे ठाऊक होते, आम्हाला नव्हते. त्यातून तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला हा शोभत नाही." झाले! निवृत्त हेडमास्तरांनी सोळाचा उचलला.

वरचे सहा हजार 'बिनव्याजी' हप्त्यावर ठेवले. सहीच्या वेळी निराळे शुल्क निघाले. पुढे कळले, की समोरच्या दुकानात तोच मोबाईल रोखीने चौदा हजार आठशेला होता. व्याज बिनव्याजी नव्हते, किमतीत लपले होते. २०१३ सालीच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांत व्याज पुष्कळदा प्रक्रिया-शुल्काच्या आड लपविलेले असते. आम्ही रोज वर्तमानपत्र वाचणारे. पण दुकानात वाचायचा तो कागद वाचला नाही.

आज त्या मोबाईलवर आम्ही नातीशी बोलतो, बातम्या पाहतो, विजेचे बिल भरतो. एवढे काम दहा हजारांचाही मोबाईल करीत होता.

मग काय करावे?

पहिली गोष्ट. दुकानात जाण्यापूर्वी घरी कागदावर लिहावे. मोबाईल कशासाठी हवा? किती पैसे द्यायचे? हा कागद खिशात ठेवावा.

दुसरी गोष्ट. शिडीची वरची पायरी दाखविली, तर विचारावे, "जास्तीच्या पैशांत नक्की काय जास्त मिळते? ते आमच्या कागदावर आहे का?" नसेल तर खालीच थांबावे. असेल तर खुशाल चढावे.

तिसरी गोष्ट. खोक्यावर छापलेली किंमत सर्व करांसह असते. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कमी मात्र करता येते. म्हणून दोन-तीन दुकानांत रोखीचा भाव विचारावा. हप्त्यावर घ्यायचा तर सर्व हप्ते आणि शुल्क यांची बेरीज करावी आणि रोखीच्या भावाशी ताडून पाहावी.

चौथी गोष्ट. पक्के बिल घ्यावे. प्रत्येक मोबाईलला पंधरा आकडी क्रमांक असतो. मोबाईलवर *#०६# दाबले, की तो दिसतो. तो आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना, ते पाहावे. फसवणूक झाल्यास १९१५ हा सरकारचा ग्राहक मदत क्रमांक आहे.

मावशींनी काय केले?

मावशींनी मुलाला समोर बसवून कागद लिहिला. आयटीआयचे धडे पाहणे. अर्ज भरणे. कामाचे फोटो काढणे. दिवसभर बॅटरी टिकणे. चारही कामे साध्या मोबाईलवर होत होती. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आई, वर्गात सगळ्यांकडं प्रो हाय. मला लाज वाटती."

खरे दुखणे हे होते. कंपनीने ते एक अक्षर नावापुढे लावले, ते यासाठीच. ज्याच्याजवळ ते नाही, त्याला उणे वाटावे.

मावशी म्हणाल्या, "बाळा, मी पन्नाशीला पाटी हातात धरली. पोरं हसायची. मी लाजले असते, तर हे अक्षर तरी मला वाचता आलं असतं का?" मुलगा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर दुकानात गेला.

दिवाळी संपल्यावर भाव थोडा उतरला होता. साधा मोबाईल ११,६०० रुपयांना मिळाला. दुकानदाराने बिल पुढे केले. मावशी तेथेच स्टुलावर बसल्या आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागल्या. मागे गिऱ्हाइके खोळंबली. मावशींनी घाई केली नाही. तिसऱ्या ओळीवर बोट थांबले. न मागितलेला विमा, ७९९ रुपये. मावशींनी तो खोडायला लावला.

साडेतेरा हजारांतून एकोणीसशे रुपये उरले. त्यांतून सरकी पेंडीचे एक पोते आले. हप्ता नाही, व्याज नाही. मुलगा त्याच मोबाईलवर धडे पाहतो.

परवा वर्गात मावशींनी सर्वांना सांगितले, "कंपनीला दोन भाव लावू द्या. आपन कोनत्या भावाचं, ते आपन ठरवायचं."

ध्यानात ठेवा

किंमत नुसत्या खर्चावरून ठरत नाही, गिऱ्हाइकाच्या तयारीवरूनही ठरते.
आधी गरज लिहा, मग दुकानात जा.
बिल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न

१. फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नव्हते?
२. रॅमला खळे आणि साठवणीला कणगी का म्हटले आहे?
३. तुमच्या घरात कोणत्या कामांसाठी मोबाईल लागतो? त्यांची यादी लिहा.